ग्लायडिंग स्पर्धेची ‘स्थानिक कार्यपद्धती’ : पुस्तिकेत काय असते आणि दिल्लीच्या आकाशाला कोणत्या अटी लागू होतात

नवी दिल्ली : इंजिनाच्या मदतीशिवाय शेकडो किलोमीटर अंतर कापून पुन्हा त्याच धावपट्टीवर परतणे, हे ग्लायडिंग स्पर्धेचे साधे सूत्र आहे. ते प्रत्यक्षात उतरवताना मात्र असंख्य प्रश्न उभे राहतात. पन्नास ग्लायडर एकाच ऊर्ध्वप्रवाहात घिरट्या घालू लागले तर कोणी कोणत्या दिशेने वळायचे? वेळ कोणत्या घड्याळाने मोजायची? वारा पडला आणि वैमानिक एखाद्या शेतात उतरला तर त्याला गुण किती? या प्रश्नांची उत्तरे स्पर्धेपूर्वीच लेखी स्वरूपात द्यावी लागतात. त्या दस्तऐवजाला ‘स्थानिक कार्यपद्धती’ म्हणतात. ही पुस्तिका कशी तयार होते, तिच्यात काय असते आणि दिल्ली व राष्ट्रीय राजधानी क्षेत्राचा विचार करता तिच्यात कोणती कलमे अपरिहार्य ठरतात, याचा हा संदर्भलेख.

ग्लायडिंग म्हणजे काय?

ग्लायडर हे स्थिर पंखांचे, दणकट पण हलके विमान असते. वैमानिक बंद कक्षात बसतो आणि सुकाणू, पंखांवरील नियंत्रक पट्ट्या व वायुरोधक यांच्या साहाय्याने ते चालवतो. कापडी छत्राच्या आधाराने होणारे पॅराग्लायडिंग हा वेगळा क्रीडाप्रकार आहे. हिमाचल प्रदेशातील बीर-बिलिंग येथे २०१५ मध्ये झालेली विश्वचषक स्पर्धा पॅराग्लायडिंगची होती. तिचे नियमही वेगळे आहेत.

ग्लायडर आकाशात चढवण्याचे दोन प्रमुख मार्ग आहेत. पहिला विंचचा : जमिनीवरील यंत्र लांब दोर वेगाने गुंडाळते आणि पतंगाप्रमाणे ग्लायडर वर चढतो. दुसरा टो विमानाचा : इंजिन असलेले छोटे विमान ग्लायडरला दोराने ओढत ठरलेल्या उंचीपर्यंत नेते. त्यानंतर दोर सुटतो. पुढचा सारा प्रवास सूर्याच्या उष्णतेने तापलेल्या जमिनीवरून वर उठणाऱ्या हवेच्या स्तंभांवर, म्हणजे थर्मलवर अवलंबून असतो. घारी पंख न हलवता ज्या हवेवर तरंगतात, तीच हवा ग्लायडरला उंची देते. आधुनिक ग्लायडरचे सरकगुणोत्तर ४० ते ६० इतके असते. गुणोत्तर ४० असेल, तर १,००० मीटर उंचीवरून शांत हवेत ते सुमारे ४० किलोमीटर सरकू शकते.

नियमांची उतरंड

हवाई क्रीडांची जागतिक संघटना म्हणजे १९०५ मध्ये पॅरिस येथे स्थापन झालेली आणि आता स्वित्झर्लंडमधील लोझान येथे मुख्यालय असलेली ‘एफएआय’. तिचा आंतरराष्ट्रीय ग्लायडिंग आयोग या खेळाचे नियमन करतो. पहिली जागतिक ग्लायडिंग स्पर्धा १९३७ मध्ये जर्मनीतील वासरकुप्पे या टेकडीवर झाली. दुसऱ्या महायुद्धामुळे खंड पडल्यानंतर १९४८ मध्ये स्वित्झर्लंडमधील सामेडान येथे ती पुन्हा भरली.

नियमांची रचना तीन पातळ्यांवर आहे. सर्वांत वर एफएआयच्या क्रीडासंहितेचा सर्वसाधारण विभाग येतो. त्याखाली ग्लायडिंगसाठीचा तिसरा विभाग आणि जागतिक व खंडीय स्पर्धांचे नियम सांगणारे त्याचे ‘परिशिष्ट ए’ येते. तिसरी पातळी स्थानिक कार्यपद्धतीची. यजमान संस्था तिचा मसुदा तयार करते आणि आयोगाच्या मान्यतेनंतर तो सहभागी देशांना पाठवला जातो. परिशिष्टाने जिथे पर्याय खुले ठेवले आहेत, तिथेच स्थानिक कार्यपद्धतीला निवड करता येते. मूळ नियम बदलण्याचा अधिकार तिला नसतो. शिवाय यजमान देशाचा हवाई वाहतूक कायदा या तिन्हींहून बंधनकारक असतो.

भारतात हा कायदा म्हणजे भारतीय वायुयान अधिनियम, २०२४. १९३४ च्या विमान अधिनियमाची जागा घेत तो १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. वैमानिकांचे परवाने आणि ग्लायडरची उड्डाणयोग्यता हा विषय नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या कक्षेत येतो. हवाई क्रीडांसाठी १९२७ मध्ये स्थापन झालेल्या एरो क्लब ऑफ इंडियाचे कार्यालय नवी दिल्लीतील सफदरजंग विमानतळ परिसरात आहे.

पुस्तिकेतील प्रमुख कलमे

*वर्ग आणि वजन :* ग्लायडरची विभागणी प्रामुख्याने पंखविस्तारानुसार होते. स्टँडर्ड, १५ मीटर, १८ मीटर, २० मीटर द्विआसनी, ओपन आणि क्लब असे प्रमुख वर्ग आहेत. क्लब वर्गात जुनी व नवी ग्लायडर एकत्र उडत असल्याने प्रत्येक प्रकाराला ठरावीक गुणक दिला जातो. वेग वाढवण्यासाठी पंखांत पाणी भरण्याची मुभा अनेक वर्गांत असते. मात्र कमाल वजनाची मर्यादा ओलांडता येत नाही. त्यासाठी रोज वजनकाटा कुठे व केव्हा उपलब्ध असेल, हे पुस्तिकेत नमूद केलेले असते.

*उपकरणे :* प्रत्येक ग्लायडरमध्ये आयोगमान्य उड्डाण-नोंदक असावा लागतो. तो उपग्रहाधारित स्थान, उंची आणि वेळ काही सेकंदांच्या अंतराने नोंदवतो. पूरक इंजिन असलेल्या ग्लायडरमध्ये इंजिन सुरू झाल्याचीही नोंद होते आणि त्या क्षणी ते ग्लायडर ‘उतरले’ असे मानले जाते. ढगात शिरून उडण्यास मदत करणारी उपकरणे बाळगण्यास मनाई असते.

*उड्डाणक्रम :* धावपट्टीवर ग्लायडर रांगेने मांडले जातात आणि हा क्रम रोज बदलतो. दोर कोणत्या क्षेत्रात आणि किती उंचीवर सोडायचा, हे स्थानिक कार्यपद्धती ठरवते. आधी उडालेल्याला अधिक फायदा मिळू नये म्हणून वर्गातील शेवटचे ग्लायडर उडाल्यानंतर ठरावीक मिनिटांनीच प्रारंभरेषा खुली होते. त्यानंतर केव्हा निघायचे, हा निर्णय वैमानिकाचा.

*कामगिरीचे स्वरूप :* रोजच्या कामगिरीचे दोन मुख्य प्रकार असतात. शर्यत प्रकारात सर्वांना तेच वळणबिंदू त्याच क्रमाने पार करावे लागतात. प्रत्येक बिंदूभोवती ५०० मीटर त्रिज्येचे वर्तुळ असते आणि त्यात प्रवेश केल्याची नोंद आवश्यक असते. क्षेत्र प्रकारात बिंदूऐवजी विस्तीर्ण क्षेत्रे दिली जातात. त्यांत किती आत जायचे हे वैमानिक ठरवतो, मात्र किमान वेळ ठरलेली असते.

या किमान वेळेचा परिणाम उदाहरणाने स्पष्ट होतो. समजा, किमान वेळ ३ तास आहे. एका वैमानिकाने ३ तासांत ३०० किलोमीटर अंतर कापले. त्याचा वेग ताशी १०० किलोमीटर. दुसरा २८० किलोमीटर अंतर २ तास ४० मिनिटांत कापून परतला. प्रत्यक्षात त्याचा वेग ताशी १०५ किलोमीटर आहे. परंतु तो लवकर परतल्यामुळे त्याचे अंतर ३ तासांनीच भागले जाते आणि नोंद होते ती ताशी सुमारे ९३ किलोमीटरची. अधिक वेगाने उडूनही तो मागे पडतो. हा नियम नीट न वाचल्याची किंमत ही अशी असते.

*समाप्ती :* विमानतळाभोवती ठरावीक त्रिज्येचे अंतिम वर्तुळ आखले जाते आणि ते पार करताना किमान उंची राखावी लागते. दोन-चार सेकंद वाचवण्यासाठी झाडांच्या शेंड्यांवरून येण्याचा मोह टाळला जावा, हा त्यामागील हेतू. मर्यादेखाली आल्यास गुणदंड होतो.

*गुणांकन :* एका दिवसाचे कमाल गुण १,००० असतात. कमी अंतराच्या अथवा फारच थोडे वैमानिक परतलेल्या दिवशी ते घटतात. पूर्ण न करू शकलेल्याला कापलेल्या अंतराचे गुण मिळतात. एखाद्या वर्गात किमान ४ वैध स्पर्धादिन झाले नाहीत, तर त्या वर्गाचा विजेता घोषित होत नाही. साधारण दोन आठवड्यांचा कालावधी राखून ठेवण्याचे कारण हेच.

तक्रार, आक्षेप आणि दंड

स्पर्धा संचालक हा कार्यकारी प्रमुख असतो. त्याच्यासोबत कामगिरी ठरवणारा, हवामानतज्ज्ञ, गुणलेखक, तांत्रिक तपासनीस व सुरक्षा अधिकारी असतात. आयोगाने नेमलेले निरीक्षक सल्ला देतात. वादांचा निवाडा आंतरराष्ट्रीय पंचमंडळ करते.

निकाल मान्य नसेल तर आधी संचालकाकडे तक्रार करावी लागते. तिथे समाधान झाले नाही तर लेखी आक्षेप ठरलेल्या मुदतीत व शुल्कासह दाखल होतो. आक्षेप ग्राह्य ठरल्यास शुल्क परत मिळते. शुल्काची रक्कम स्थानिक कार्यपद्धतीत लिहिलेली असते. दंडाची श्रेणी इशाऱ्यापासून गुणकपात, एका दिवसाची अपात्रता आणि स्पर्धेतून हकालपट्टी अशी चढती असते.

नियमातील एखादी फट किती महाग पडू शकते, हे जानेवारी २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातील लेक कीपिट येथे झालेल्या महिलांच्या जागतिक स्पर्धेत दिसून आले. ग्लायडरची स्थिती प्रेक्षकांना थेट दाखवली जाते. परंतु तिचा डावपेचांसाठी वापर होऊ नये म्हणून ती जाणीवपूर्वक विलंबाने प्रसारित केली जाते. यजमान चमूने ही माहिती विलंबाविना मिळवल्याचे उघड झाले आणि त्याच्या वैमानिकांवर गुणदंडाची कारवाई झाली. माहिती कोणाला, केव्हा आणि कोणत्या मार्गाने मिळावी, हे स्पष्ट लिहिणे तेव्हापासून अधिकच आवश्यक मानले जाऊ लागले.

सुरक्षा : पुस्तिकेचा गाभा

सर्व वैमानिक उत्तम थर्मलच्या शोधात असल्याने ते एकाच स्तंभात गोळा होतात आणि हवेतील टकरीचा धोका वाढतो. सर्वसाधारण नियम असा, की थर्मलमध्ये प्रथम आलेला ज्या दिशेने वळतो, त्याच दिशेने नंतरच्यांनी वळावे. विमानतळाच्या आसपास मात्र सर्वांनी डावीकडेच किंवा दिवसागणिक आलटून-पालटून वळावे, असे बंधन स्थानिक कार्यपद्धतीत घालता येते. २००४ पासून वापरात आलेले ‘फ्लार्म’ हे स्विस बनावटीचे उपकरण जवळच्या ग्लायडरची सूचना देते. ते बसवणे अनेक स्पर्धांत सक्तीचे असते. पॅराशूटही अनिवार्य असते.

दिल्लीचा वारसा

ग्लायडिंगच्या भारतीय इतिहासात दिल्लीला मोठे स्थान आहे. १९२९ पासून वापरात असलेल्या, पूर्वी विलिंग्डन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सफदरजंग विमानतळावर दिल्ली ग्लायडिंग क्लबची उड्डाणे होत. याच परिसरातील नागरी विमान वाहतूक विभागाच्या तांत्रिक केंद्रात भारतीय बनावटीच्या ग्लायडरचे आराखडे तयार झाले.

त्यांची नावे मराठी वाचकांना ओळखीची वाटतील, कारण ती नक्षत्रांच्या मालिकेतून घेतली आहेत. द्विआसनी ‘अश्विनी’ १९५८ मध्ये प्रथम उडाले. १९६१ मध्ये ‘भरणी’ व ‘रोहिणी’, १९६३ मध्ये कृत्तिकेशी नाते सांगणारे ‘कार्तिक’ आणि १९७० मध्ये ‘मृगशीर’ आले. हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या नावाशी जोडलेले ‘आर्द्रा’ १९७९ मध्ये आकाशात झेपावले. पंचांगातील पहिली सहा नक्षत्रे अशा रीतीने भारतीय ग्लायडरवर कोरली गेली.

२००१ नंतर सुरक्षेच्या कारणास्तव सफदरजंगवरील नियमित उड्डाणे थांबली. पंतप्रधानांचे निवासस्थान तेथून हाकेच्या अंतरावर आहे. आज या विमानतळाचा उपयोग मुख्यत्वे अतिमहत्त्वाच्या व्यक्तींच्या हेलिकॉप्टरसाठी होतो. महाराष्ट्रात पुण्याजवळील हडपसर येथील डीजीसीएच्या अखत्यारीतील ग्लायडिंग केंद्राने अनेक दशके प्रशिक्षणाची परंपरा जपली. विंचच्या दोराने वर चढणारे पांढरे ग्लायडर हे हडपसरच्या आकाशातील परिचित दृश्य राहिले आहे.

राजधानी क्षेत्रासाठी कोणती कलमे लागतील?

राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात अशी स्पर्धा घ्यायची झाल्यास स्थानिक कार्यपद्धतीत पुढील बाबींचा विचार करावा लागेल.

*हवाई क्षेत्र :* राष्ट्रपती भवन व संसद परिसरावरील आकाश उड्डाणासाठी निषिद्ध आहे. इंदिरा गांधी आंतरराष्ट्रीय विमानतळ हा देशातील सर्वांत व्यग्र विमानतळ असून गाझियाबादजवळ हवाई दलाचा हिंडन तळ आहे. त्यामुळे दिल्ली शहर स्पर्धेच्या नकाशातून वगळावेच लागते. करनाल, नारनौलजवळील बाछौद आणि मेरठजवळील परतापूर येथे धावपट्ट्या आहेत. तेथूनही कामगिरी आखताना बंद क्षेत्रांच्या सीमा अचूक निर्देशांकांसह प्रत्येक वैमानिकाला देणे आवश्यक ठरते. निषिद्ध सीमा ओलांडल्यास क्रीडानियमांनुसार गुणदंड होतो. कायद्याची कारवाई स्वतंत्र.

*पोलिसांचे आदेश :* प्रजासत्ताक दिन आणि स्वातंत्र्य दिनापूर्वी दिल्ली पोलीस पॅराग्लायडर, हँगग्लायडर, पॅरामोटर, ड्रोन, हॉट एअर बलून व छोट्या विमानांच्या उड्डाणांवर बंदी घालणारे आदेश काढतात. पूर्वी हे आदेश फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ अन्वये निघत. आता ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ अन्वये निघतात. उल्लंघन करणाऱ्यावर भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली कारवाई होऊ शकते. स्पर्धेच्या तारखा ठरवताना हे आदेश गृहीत धरावे लागतात.

*ऋतू आणि पिके :* थंडीत उत्तर भारतात धुके असते आणि ऊर्ध्वप्रवाह क्षीण असतात. दिल्लीत मोसमी पाऊस दाखल होण्याची सर्वसाधारण तारीख २७ जून आहे. गव्हाची कापणी एप्रिलमध्ये होते आणि हरियाणात भाताची लावणी जूनच्या मध्यापासून वेग घेते. म्हणजे एप्रिलच्या उत्तरार्धापासून जूनच्या पूर्वार्धापर्यंत जमीन तापलेली व शेते मोकळी असतात. ग्लायडरला अचानक उतरावे लागले तर जागा मिळते. लावणीनंतर तीच शेते पाण्याने भरतात. पश्चिम उत्तर प्रदेशातील उभा ऊस तर बाराही महिने धोक्याचा. उंच धुराडी असलेल्या वीटभट्ट्या, वीजवाहिन्या आणि गाझीपूरसारख्या कचराभूमींवर घिरट्या घालणाऱ्या घारींचे थवे यांचाही उल्लेख धोक्यांच्या यादीत करावा लागतो.

*धुळीची वादळे :* मे-जूनमध्ये दुपारनंतर अचानक ‘आंधी’ येते आणि काही मिनिटांत दृश्यमानता नाहीशी होते. अशा वेळी रेडिओवरून स्पर्धा रद्द करण्याची घोषणा कोणत्या शब्दांत होईल व वैमानिकांनी काय करावे, हे आधी ठरलेले असले पाहिजे. तापमान ४० अंशांच्या पुढे गेले की हवा विरळ होते आणि टो विमानाला धावपट्टीवर अधिक लांब धावावे लागते. रांगेत तासभर बसणाऱ्या वैमानिकांसाठी सावली व पाण्याची तरतूदही सुरक्षेचाच भाग ठरते.

*वेळ आणि उंची :* उड्डाण-नोंदक जागतिक प्रमाणवेळेत नोंद करतात. भारतीय वेळ तिच्यापेक्षा साडेपाच तास पुढे आहे. प्रारंभरेषा दुपारी १२.३० वाजता उघडली तर नोंदीत ७.०० दिसेल. हा अर्ध्या तासाचा फरक परदेशी चमूंना गोंधळात टाकू शकतो. उंचीबाबतही तसेच. सफदरजंग समुद्रसपाटीपासून सुमारे २१५ मीटर उंचीवर आहे. ‘८०० मीटर’ ही मर्यादा समुद्रसपाटीपासूनची की जमिनीपासूनची, हे लिहिले नाही तर एकाच वाक्याचे दोन अर्थ निघतील आणि त्यात २१५ मीटरचा फरक पडेल.

*परदेशी चमूंसाठी :* परवान्याला डीजीसीएची मान्यता, ग्लायडरची तात्पुरती आयात, विमा आणि रेडिओ परवानगी यांची माहिती बरीच आधी देणे गरजेचे असते. उपग्रह फोन अथवा उपग्रहाद्वारे संदेश पाठवणारी उपकरणे भारतात विनापरवाना बाळगणे हा गुन्हा आहे. परदेशात ग्लायडर वैमानिक अशी उपकरणे बचावासाठी सर्रास सोबत ठेवतात. पुस्तिकेत हा इशारा नसेल, तर स्पर्धक मैदानावर पोहोचण्याआधी विमानतळावरच अडकू शकतो.

*शेतात उतरल्यावर :* ग्लायडर शेतात उतरले की काही मिनिटांत गाव गोळा होते. उभ्या पिकाची भरपाई कोण देणार, पोलीस ठाण्याला कोण कळवणार, ट्रेलर घेऊन येणारे पथक कोणत्या रस्त्याने येणार, हे लेखी असावे. स्थानिक भाषेतील एक छोटे ओळखपत्र व संयोजकांचा संपर्क प्रत्येक वैमानिकाच्या खिशात असणे उपयुक्त ठरते. सीमेवरील तणावाच्या काळात अनोळखी विमान शेतात उतरल्याची बातमी कोणते वळण घेईल, हे सांगता येत नाही.

सारांश

स्थानिक कार्यपद्धती ही खेळाडू, आयोजक, हवाई वाहतूक नियंत्रक, पोलीस आणि ज्याच्या शेतात ग्लायडर उतरू शकते तो शेतकरी यांच्यातील लेखी करारासारखी असते. तिचे प्रत्येक कलम आधी कुठे तरी झालेल्या अपघाताचे, वादाचे अथवा गैरसमजाचे उत्तर असते. राजधानी क्षेत्रापुरते पाहिले तर तिचे निम्मे काम खेळाचे नियम सांगण्याचे आणि निम्मे काम कायदा, ऋतू व शेती यांची सांगड घालण्याचे आहे. अश्विनी ते आर्द्रा ही मालिका ज्या शहरात सुरू झाली, त्या शहराच्या परिघात ग्लायडर पुन्हा स्पर्धेसाठी उडायचे झाले, तर पहिले पाऊल धावपट्टीवर पडण्याआधी या पुस्तिकेच्या मसुद्यावर पडावे लागेल.